सुनेची उत्तरं

माझ्या उजव्या हाताची बोटं आता सरळ होत नाहीत, त्यामुळं लिहायला वेळ लागतो. सुनेनं पेनाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून दिली आहे, म्हणजे पकडता येतो. लिहिणं-वाचणं मी उशिराच शिकले, विहारातल्या बायकांच्या वर्गात, लेकाचं पहिलीचं पुस्तक पुढ्यात घेऊन. तेव्हापासून छापलेला कागद दिसला की तो शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आम्ही समुद्रपूरकडचे. मला संधिवात आहे, पण म्हातारपणी गुडघे झिजतात तो नाही. सकाळी उठलं की हात लाकडासारखे होतात आणि नऊ-दहा वाजेपर्यंत चहाचा कपही दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. गोळ्यांसाठी दर महिन्याला एसटीनं वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात जाते. सून सोबत असते, पिशवी तिच्या खांद्यावर आणि बोलणं माझ्याकडे.

तिथं एक मुलगी भेटायची, मराठवाड्यातली, संशोधन करणारी. तिला आमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाहिजे असायच्या. रक्त घेतलं की ती नळ्या तळहातात धरून जिन्यानं वर पळायची, खुडूक कोंबडीखालची अंडी न्यावी तशी. मी विचारलं तर म्हणाली, "पेशी जिवंत पाहिजेत, आजी. उशीर झाला की उपयोग नाही."

एकदा तिनं मला वर नेलं. संगणकावर ठिपकेच ठिपके होते, तीळ सांडल्यासारखे. एक ठिपका म्हणजे माझी एक पेशी. या पेशींचं काम बाहेरून आलेल्या रोगजंतूंना मारायचं, पण माझ्या पेशी माझ्याच सांध्यांना परके समजून मारत होत्या. कुठल्या पेशी चुकतात आणि काऊन चुकतात, हे तिला शोधायचं होतं.

मी म्हटलं, "समजलं. जागलीवरचा माणूस रानडुकरं हाकलाले बसवला, अन् थो घरच्याच बैलाले काठी मारून राह्यला."

ती इतकी हसली की खुर्ची मागं सरकली. "हे मी माझ्या गाईडना सांगते," म्हणाली. "आणि ल्युपस म्हणून दुसरा आजार आहे ना, त्यात तो जागल्या नुसत्या सांध्यांवर थांबत नाही. कातडी, मूत्रपिंड, काहीही. बहुतेक बायकांनाच होतो, तरुणपणी."

मी मान हलवली. ल्युपस हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि मला वाटलं, हे दुसऱ्या कोणाच्या घरचं आहे.

मग तिनं अडचण सांगितली. आजारी बायकांच्या पेशी तिच्याकडं होत्या, पण शेजारी ठेवून बघायला निरोगी बायकांच्याही पाहिजे होत्या. "कोणी ओळखीचं येईल का?"

"कोणी काऊन? माही सून हाये न. पंधरा वर्षं झाली लग्नाले, एक दिवस खाटेवर नाई पडली."

सून बाहेर बाकावर बसली होती. तिला आत बोलावलं. संमतीपत्राची चार पानं होती, ती मी सगळी वाचली, मोठ्यानं, एकेका शब्दावर बोट ठेवून. मुलगी शांतपणे थांबली. सुनेनं सही केली. मग प्रश्नांचा कागद निघाला.

"सांधे दुखतात का?"

"नाई," मी म्हटलं. "थे तं कापूस वेचाले सगळ्यात पुढं राह्यते."

"तोंडात फोड येतात?"

"तिखट खाते भाय. तेवढं तं कोणालेई येते."

"उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर लाली?"

"उन्हातलं काम हाये, बाई. गोरी माणसं लाल होतेतच."

"केस गळतात?"

इथं मी हसलेच. "उलट. केसावर भांडे देणारी येते न आमच्या गावात, तिच्याकून हिनं मागच्या महिन्यात दूध तापवाचा स्टीलचा गंज घेतला. एवढे दाट केस हायेत."

मुलीनं सुनेकडं पाहिलं. "ताई, बरोबर?"

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. "हाव," ती म्हणाली. "आई म्हणते तसंच."

मला अभिमान वाटला, खरं सांगते. माझ्या घरात एक तरी माणूस असं, की ज्याचं रक्त निरोगी म्हणून शास्त्राच्या कामी लागतं. गावात मी चार घरी तरी सांगितलं.

पुढच्या महिन्यात गेलो तर मुलगी दारातच उभी. नेहमीसारखी हसली नाही. "ताई, तुमच्याशी परत बोलायचं आहे. पेशींचं चित्र निरोगी माणसासारखं दिसत नाही. एवढ्यावरून आजार ठरत नाही, पण डॉक्टर मॅडमनी तुम्हाला तपासायला सांगितलंय."

मी म्हटलं, "नळ्या बदलल्या असतीन. मायं अन् तिचं एकत्र झालं असन."

"ते मी दोनदा बघितलं, आजी." मग तिनं माझ्या दंडाला हात लावला. "तुम्ही खाली चहा घेऊन येता का?"

"मले नाई पाहिजे चहा."

"घ्या ना. सावकाश."

मला दवाखान्यात आजवर कोणी बाहेर घालवलं नव्हतं. उपाहारगृहात जाऊन बसले. पहिला चहा रागात प्यायले. कागदावर दहा-बारा प्रश्न होते, मी ते पाच मिनिटांत उरकले होते. दुसरा चहा घेतला, तोही संपला, तरी वरून कोणी बोलवायला येईना. एवढा वेळ ती काय सांगत असेल, हा विचार आला आणि मग तो गंज डोळ्यापुढं उभा राहिला. दाट केसांच्या बाईच्या फणीत एवढे केस येतातच कशाला? केस डोक्यावर असते तर भांडेवालीच्या तराजूत कसे पडले असते? मी त्या गंजाचं कौतुक केलं होतं. शेजारणीला दाखवला होता.

वर गेले तेव्हा सुनेचे डोळे लाल होते आणि लघवीची तपासणी लिहून दिली होती. पुढचे दिवस तपासण्यांत गेले. ल्युपसच निघाला. लघवीतून प्रथिनं जायला लागली होती, म्हणजे मूत्रपिंडाला नुकता हात लागला होता. मॅडम म्हणाल्या, औषधं वेळेवर सुरू होत आहेत, रोज घ्यायची, ऊन टाळायचं, बऱ्याच बायका नीट राहतात. पण अंगावर काढलं असतं तर मूत्रपिंडं गेली असती.

एसटीनं हिंगणघाट सोडलं. मग मी विचारलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमी तं साऱ्या गावाले सांगून राह्यल्या होत्या का सुनेले काईच होत नाई. मंग मी केव्हा सांगू?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अन् तुमचे हात असे. मी बसली तं सैपाक कोण करन?"

मी पिशवी तिच्या मांडीवरून माझ्या मांडीवर घेतली.

आता घरात कामाची वाटणी झाली आहे. उन्हातलं माझ्याकडे: वाळवण, कपडे वाळत घालणं, दुकानातून सामान आणणं. कणीक, पिळणं, चिरणं तिच्याकडे, आणि तिची बोटं दुखतील त्या दिवशी लेकाकडे. त्याच्या पोळ्या जाड होतात. पेशींच्या जागल्याची गोष्ट मी सुनेलाही सांगितली आहे. ती म्हणते, "आई, जागल्याले द्या ह्या, दात पडतीन त्याचे." त्या गंजात अजून दूध तापतं. मी तो काढून टाकायला निघाले होते, तिनं ठेवला. चांगला गंज आहे म्हणाली.

निरोगींच्या यादीतून सुनेचं नाव निघालं, तेव्हा मुलीची एक जागा रिकामी झाली. तिनं विचारलं, "आजी, दुसरं कोणी आहे का?"

"लय हायेत," मी म्हटलं. "पण आता मी कोणाची हमी घेत नाई. त्याईलेच विचारजो."

मागच्या खेपेला मॅडमनी सुनेला विचारलं, "काय, कशी आहे तब्येत?" माझं तोंड सवयीनं उघडलंच होतं. सुनेनं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तोंड मिटलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

"सकाळी बोटं आखडतेत," सून म्हणाली. "अन् परवा तोंड आलतं. अजून एक सांगाचं राह्यलं, मॅडम."

कॅलेंडर सगळं वाचून झालं, तरी ती बोलत होती.