पाण्याचं विरजण

“पान्याला आधी ऱ्हायची सवय होऊ द्या, मंग मासे आना,” बनूबाई एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती कुळगावातल्या मालिनीच्या घरी, पाच वर्षांपूर्वी. मालिनीचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात चाळीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळा सांभाळली होती. घरी बसून हात शिवशिवायला लागले, तेव्हा उल्हासनगरहून दोन फुटांची काचेची टाकी त्यांनी आणवली. ती लावून द्यायला दुकानदारानं बनूबाईला पाठवलं. चामटोलीची, पन्नाशीची बाई, पदर खोचलेला, एका हातात बादली, दुसऱ्या हातात पिशवी.

टाकीत वाळू पसरली, रोपं रोवली, पाणी भरलं, फिल्टर सुरू झाला. अण्णा समोर खुर्ची घेऊन बसले.

“मासे कुठायत?”

“मासे महिन्यानं.”

“आणि महिनाभर मी काय नुसतं पाणी बघत बसू?”

“बघा की. आमी जन्मभर बघतो.”

मग तिनं पिशवीतून एक डबा काढला. डब्यात काळपट, बुळबुळीत स्पंजाचा तुकडा होता. मालिनीनं नाकाला पदर लावला. “अहो, स्वच्छ टाकीत ही घाण कशाला?”

“घान नाय वैनी, विरजन हाय. दुधात चमचाभर टाकता ना? तसंच. दुसऱ्या घरच्या जुन्या टाकीतलं.”

अण्णा एकदम उभे राहिले. माशांच्या विष्ठेतून अमोनिया कसा होतो, तो त्यांनाच कसा मारतो, आणि या स्पंजात राहणारे जीवाणू तो कसा पचवतात, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. “वस्ती आहे ही बनूबाई, वस्ती! साध्या नळाच्या पाण्यानं धुतलात तरी बेचिराख!”

बनूबाईनं सगळं ऐकून घेतलं. “नाव सांगितलंत, बरं झालं सायेब. मी इतकी वर्सं बिननावाचीच वापरली.”

ती वर्षं मालिनीला पुढे चहाच्या कपागणिक कळत गेली. नवरा गेल्यावर बनूबाई उल्हासनगरच्या एका सिंधी शेठच्या दुकानात टाक्या धुवायला लागली. “एकदम चकाचक मांगता, बाई,” शेठ म्हणायचा. ती जीव तोडून घासायची, आणि जी टाकी जास्त घासली तिच्यातलेच मासे जास्त मरायचे. कोपऱ्यातल्या एका टाकीपर्यंत तिचा हात पुरत नव्हता. तिची काच हिरवी झालेली, आणि तिथले मासे मात्र मजेत. ती कुणाला काही बोलली नाही. एकेका टाकीच्या फिल्टरमधला स्पंज तिनं धुवायचा सोडला, नुसता त्याच टाकीच्या पाण्यात पिळायला लागली. मासे मरायचे थांबले. “तेरे हाथ में बरकत है, बाई,” शेठ म्हणाला. हात आवरण्याला लोक बरकत म्हणतात, हे तिला तेव्हा कळलं.

दर दुसऱ्या मंगळवारी ती यायची. दोन बादल्या जुनं पाणी काढायची, ते मालिनी गॅलरीतल्या झाडांना ठेवायची. मग बनूबाई आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, नळाच्या पावडरीचा वास उडालेलं पाणी टाकीत घालायची. अण्णांचं बघून त्याच इमारतीत आणखी सहा घरी टाक्या आल्या आणि सगळीकडे विरजण गेलं ते अण्णांच्या टाकीतलं. बनूबाईचा नियम एकच होता. दिवे लागल्यावर विरजण द्यायचं नाही. तिच्या गावात दह्याचंही कुणी देत नसे. तिसऱ्या मजल्यावरची मीनल एकदा संध्याकाळी मागायला आली, तर तिला सरळ परत पाठवलं. “सकाळी ये. रातीत तुजं पानी कुठं पलून जातंय?” मालिनी हसली होती. पण तिच्या माहेरीही तसंच होतं.

मग गेल्या वर्षापासून अण्णा विसरायला लागले. दूध आणायला गेले ते दोन तासांनी स्टेशनपलीकडे सापडले. गॅस दोनदा नुसताच सुरू राहिला. मुलगा, यज्ञेश, ठाण्याच्या ऑफिसातून धावत आला होता. नेरळकडे अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथला अर्ज त्यानं आणून कपाटाच्या खणात ठेवला. “आई, आता एक जरी प्रकार झाला ना, मी तुझंही ऐकणार नाही. एक दिवस तुम्ही दोघंही जळून जाल.” तो वाईट नव्हता. घाबरला होता. मालिनीला तो खण उघडायचीही भीती वाटायची.

टाकीसमोर मात्र अण्णा होते तसे होते. साल विचारलं तर गडबडत, पण अकरा मासे कुठे कुठे लपतात ते बिनचूक सांगत.

त्या मंगळवारी बनूबाई सकाळी येऊन गेली. दुपारी मालिनीचा डोळा लागला. जागी झाली ती वासानं. अण्णा मोरीपाशी उभे होते, बादलीत गरम पाणी, ब्लीचिंग पावडर, आणि हातात फिल्टरमधला स्पंज, पिवळाधमक, स्वच्छ.

“बघ,” ते म्हणाले. “चाळीस वर्षांत माझ्या लॅबमध्ये एक वस्तू कधी अस्वच्छ राहिली नाही.”

तिला आठवला तो खण, त्यातला अर्ज. तिनं स्पंज त्यांच्या हातातून काढून घेतला, नळाखाली तीन-चारदा खळबळला आणि फिल्टरमध्ये होता तिथं बसवला. बादली ओतली, मोरी धुतली, खिडक्या उघडल्या. काही होणारही नाही कदाचित. माणूस असं म्हणतो तेव्हा त्याला सगळं ठाऊक असतं.

चार वाजता मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. सहाला यज्ञेश लवकर घरी आला, तेव्हा नऊ मासे उलटे तरंगत होते.

त्यानं टाकीवर वाकून वास घेतला. “आई, ब्लीच आहे हे. बनूमावशी आज आल्या होत्या ना?”

मालिनीनं होकारार्थी मान हलवली. एवढंच केलं. प्रश्न खरा होता, मानही खरी होती.

बनूबाई शेजारच्याच इमारतीत होती. फोन गेला आणि ती आली. खाली रस्त्यावर दिवे लागले होते. गॅलरीतली सकाळच्या जुन्या पाण्याची बादली तिनं आत ओढली, उरलेले दोन मासे जाळीनं त्यात सोडले, हवेची नळी त्यात टाकली. मग फिल्टर उघडला. स्पंज हातात घेऊन उलटापालटा केला, नाकाशी नेला. तिची नजर अण्णांच्या हातांकडे गेली. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, कातडी सुटायला आलेली. तिथून मालिनीच्या चेहऱ्यावर आली, आणि थांबली.

तेवढ्यात अण्णा खुर्चीतून उठले. टाकीकडे बघून त्यांचा आवाज पूर्वीसारखा कडक झाला.

“स्पंज कुणी धुतला? वस्ती असते त्यात, शंभरदा सांगितलंय! कुणी धुतला?”

मालिनीनं तोंड उघडलं. यज्ञेश बापाकडे बघत होता, मग आईकडे, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी जुळायला लागलं होतं.

“माज्याकडनं झालं, सायेब,” बनूबाई म्हणाली. “घाईत धुतला.”

“तुम्ही?” यज्ञेश म्हणाला. “मावशी, तुम्हीच सगळ्यांना शिकवता ना? ब्लीचमध्ये?”

“व्हय.”

“अहो, अण्णांना जगात एवढंच उरलंय, कळतंय का? उद्यापासून येऊ नका. बिल्डिंगच्या ग्रुपवर पण टाकतो मी, बाकीच्यांना तरी कळू दे.”

तिच्या कामाची सहा घरं. मालिनीनं ती मनात एकेक करून ओलांडली, मीनलचं दार, त्याच्या वरचं दार. एक वाक्य बोलायचं होतं. त्या वाक्याच्या पलीकडे नेरळ होतं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि बोटाला ब्लीचचा वास आला.

अण्णा बनूबाईजवळ गेले. राग उतरला होता. लहान मुलाला समजवावं तसे म्हणाले, “असं धुवायचं नसतं हो. टाकीच्याच पाण्यात पिळायचं. लक्षात राहील ना?”

तिनं मान डोलावली. पिशवीतून डबा काढला. आत काळपट, बुळबुळीत तुकडा होता, या टाकीतून कधीतरी दुसऱ्या घरी गेलेला. तिनं खिडकीबाहेरच्या दिव्यांकडे एकदा पाहिलं. मग वाकून तो बादलीत सोडला. सुटलेला गढूळ धूर दोन्ही माशांवरून हळूहळू फिरला.

धुतलेला स्पंज तिनं पिशवीत घातला. मालिनीनं तो मागण्यासाठी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. बनूबाईनं उंबऱ्यापाशी चपला सरकवल्या, आपली रिकामी बादली उचलली, दार अलगद ओढून घेतलं आणि जिना उतरून गेली.