वळूचा कप

साखर कारखान्यात साखर निघते त्याच्या कितीतरी पट चोथा निघतो. किश्शांचंही तसंच आहे. नोकरीत काम काय केलं ते आता धड आठवत नाही, पण त्या काळातल्या भानगडी ढिगानं पडून आहेत. कोणी काडी लावायचा अवकाश.

परवा ती काडी आमच्या जावयानं लावली. माणूस इंजिनिअर, चांगला चाळिशीचा. सुट्टीच्या दिवशी टीव्हीला एक खोकं जोडतो आणि हातात बटणांचं यंत्र धरून खेळत बसतो. परवा एकदम ओरडला, "बाबा, प्लॅटिनम मिळाली!" मला वाटलं, लेकीला दागिना केला. चौकशी केल्यावर कळलं की त्या खेळात निरनिराळी आव्हानं असतात. एकेक पुरं केलं की एकेक ट्रॉफी, आणि सगळ्या झाल्या की ही प्लॅटिनमची. बरं, ती हातात मिळतच नाही, नुसती पडद्यावर दिसते.

मी म्हटलं, "जावईबापू, हे सगळं आम्ही एकाहत्तर-बहात्तर साली श्रीगोंद्याच्या बाजूला करून बसलोय. आमची ट्रॉफी हातात मिळायची. तीही वळूची."

मग त्याला खेळ बंद करायला लावून सगळं सांगितलं. आता तुम्हीही ऐका.

*

मी तेव्हा कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी क्लार्क होतो. कामगारांसाठी एक क्लब होता. क्लब म्हणजे एक खोली, पुढे व्हरांडा आणि आत एक कॅरम बोर्ड. सेक्रेटरी होते स्टोअरकीपर नाना. स्टोअरमधून साधा खिळा मागितला तरी नाना आधी जुना वाकडा खिळा जमा करायला लावायचे, तेव्हा क्लब कसा चालत असेल ते समजून घ्या.

दरवर्षी कॅरमची स्पर्धा व्हायची आणि दरवर्षी केमिस्ट कुलकर्णीसाहेब जिंकायचे. शेवटी लोकांनी खेळणंच सोडलं. तेव्हा नानांनी डोकं लढवलं. एकच बक्षीस नको, करामतींचे वेगवेगळे बिल्ले ठेवू. डाव्या हातानं डाव जिंकला की 'डावरा'. अख्खा डाव तोंडातून शब्द न काढता जिंकला की 'मुका'. समोरच्याला एकही सोंगटी घेऊ न देता आपल्या सगळ्या संपवल्या की 'कोरा'. असे बरेच होते. हंगाम बंद व्हायच्या आत जो सगळे बिल्ले मिळवील, त्याला मोठा कप. हंगाम संपला की सगळ्यांचे बिल्ले रद्द, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

कप नानांनी नगरहून एका भंगारवाल्याकडून आणला होता. चांगला जड, दोन कानांचा. फक्त पोटावर दवाखान्यातली चिकटपट्टी लावलेली होती. मी विचारलं, "नाना, ही पट्टी कशाला?"

नाना म्हणाले, "खरचटलंय त्याला."

*

बिल्ले करायचं काम वर्कशॉपच्या गफूरभाई फिटरकडे होतं. त्यांनी पितळेच्या भंगारातून गोल चकत्या कापल्या, भोक पाडलं आणि वर ठोकून नावं उमटवली. आता गंमत अशी की कारखान्याचे हजेरीचे बिल्लेसुद्धा पितळेचे, गोल आणि भोकाचेच होते. गफूरभाईंकडे तो एकच साचा होता.

एका सकाळी मी गेटवर जमा झालेले बिल्ले बघतो, तर त्यात एक 'डावरा' आणि एक 'मुका'. दोघे कामगार अर्धझोपेत हजेरीचा बिल्ला समजून ट्रॉफी टाकून आत गेले होते. माझ्या हिशेबी दोघेही गैरहजर, आणि डावरा व मुका नावाचे दोन नवे इसम कामावर हजर. मी वॉचमनला झापलं. तो म्हणाला, "साहेब, मी हाक मारून इचारलं व्हतं. त्यो मुका कायच बोलला न्हाई."

*

'मुका' बिल्ला सगळ्यात अवघड, कारण आमच्यात शिवी दिल्याशिवाय स्ट्रायकर हलत नसे. गफूरभाईंनी स्वतःच बनवलेला हा बिल्ला स्वतःच मिळवायचा विडा उचलला. डाव रंगात आला आणि दारात त्यांची बायको उभी. तिला कपाटाची किल्ली हवी होती. तिनं विचारलं, हे गप्प. पुन्हा विचारलं, तर यांनी बोर्डाकडे बोट दाखवलं, मग तोंडाकडे, मग आभाळाकडे. आम्ही सांगायला जाणार, तर नानांनी अडवलं. खेळाडूच्या वतीनं बोललं तरी बाद, असा नियम त्यांनी जागेवरच काढला.

गफूरभाई डाव जिंकले. घरी गेले तर बायको पुणतांब्याला, माहेरी.

दुसऱ्या दिवशी बिल्ला छातीला लावून हे तिला आणायला गेले. खुलासा कसा करावा ते सुचेना, म्हणून तिथंही तोंड शिवून खाली मान घालून बसून राहिले. लग्नापासून जावयाची टकळी ऐकत आलेल्या सासऱ्यांनी ते ध्यान बघितलं आणि मुलीला म्हणाले, "जा बिनघोर. माणूस सुधारलाय."

*

हंगामाच्या मध्यावर बोरिक पावडर संपली. नाना नवी आणायला तयार नव्हते. जुनीचा रिकामा डबा जमा करा म्हणाले, आणि डब्यात तर कोणीतरी तंबाखू ठेवलेली. तेव्हा कुलकर्णीसाहेबांनी शास्त्रीय तोडगा काढला. गोदामात साखर चाळताना खाली भुकटी पडते, पिठापेक्षा बारीक. ती वापरू.

आणि खरंच, कोरड्या हवेत तिच्यावर सोंगट्या अशा काही पळायच्या की विचारू नका. नुकसान एवढंच की लोक दर फटक्यानंतर बोट चाटायचे. उगाच लांबून नेम धरल्यासारखं करून बोर्डभर बोट फिरवून घेणारेही होते. कँटीनचा चहा तर आमच्याकडे नेहमी अगोड, कारखाना साखरेचा असूनही. कुलकर्णीसाहेब शांतपणे बोर्डाच्या कोपऱ्यातली भुकटी पोस्टकार्डानं गोळा करायचे आणि चहाच्या कपात सोडायचे. पट्टीचा खेळाडू बोर्ड असा झाडतो, असं आम्ही नव्या लोकांना सांगत असू.

रात्री बोर्ड पुसायची गरज नव्हती. मुंग्या येऊन साफ करून जायच्या. व्हरांड्यातून आत, टेबलाच्या पायावरून वर, अशी त्यांची कायमची पायवाट झाली होती. नाना त्यांच्यावर खूश होते, त्या काहीच मागायच्या नाहीत.

*

आता सखारामचं सांगतो. सखाराम पॅनवर होता, म्हणजे रसाचा दाणा पाडायचं काम. आपल्या नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातला, राजूरजवळच्या डोंगरातल्या वाडीचा. गडी गुणी, पण तोंडाला लगाम नाही. दिवाळीत घरी गेला आणि बापाला सांगून बसला, "मला कारखान्यात मोठा कप मिळालाय." तेव्हा त्याच्याकडे एक बिल्लासुद्धा नव्हता.

बाप देवजीबाबा. त्यांनी राजूरच्या बाजारात ती बातमी दुकानागणिक सांगितली. शेवटी कोणीतरी म्हणालं, दाखव बघू. झालं! हंगाम संपताना मी स्वतः येऊन कप घेऊन जातो, असा म्हाताऱ्याचा निरोप आला. त्या दिवसापासून सखाराम कामावर नसला की बोर्डावर. हात चालेना इतका खेळला. हंगाम संपत आला तेव्हा एक सोडून सगळे बिल्ले त्याच्याकडे होते. राहिला होता 'कोरा'.

आणि म्हातारा येऊन थडकला. पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडी. सखाराम माझ्यापुढे रडकुंडीला आला होता. "भाऊ, बापानं भर बाजारात माझं नाव घेतलंय. आता कप न्हाई दिसला तर त्यो मला काय करायचा न्हाई, पन बाजारात पाय ठेवायचा न्हाई." मला पोटातून वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम, आणि नाना म्हणजे नाना.

शेवटचा डाव हंगाम संपायच्या आदल्या दिवशी दुपारी, कुलकर्णीसाहेबांशी. म्हातारा कोपऱ्यात उकिडवा बसून बघत होता. सखारामनं त्या दिवशी जन्मात खेळला नसेल असा खेळ केला. एकेक करत सगळ्या सोंगट्या घातल्या, राणीसुद्धा. साहेबांना एकही मिळाली नव्हती. उरली शेवटची. त्यानं नेम धरला, सोंगटी सरळ गेली आणि भोकाच्या तोंडाशी थांबली. अर्धी आत, अर्धी बाहेर. आभाळ भरून आलं होतं, दमट हवेनं भुकटी ओली झाली होती आणि सोंगटी तिथंच चिकटली.

आता पाळी साहेबांची. त्यांची एक सोंगटी दुसऱ्या भोकाच्या अगदी पुढ्यात, फुंकर मारली तरी पडेल अशी. ती पडली की 'कोरा' गेला, कप गेला. साहेबांनी स्ट्रायकरकडे हात नेला आणि भोंगा झाला.

भोंग्याचा आमचा नियम कडक होता. भोंगा झाला की हात वर, मग कुणाचीही पाळी असो. बोर्ड आहे तसा बारदानानं झाकायचा, डाव दुसऱ्या दिवशी पुढे. तोवर बोर्डाला हात लावायचा नाही. सखाराम मान खाली घालून कामाच्या पाळीला गेला. त्याच्या खोलीत आधीच माणसं फार, म्हणून म्हातारा क्लबच्या व्हरांड्यात घोंगडी टाकून झोपला.

सकाळी सगळे जमले. नानांनी बारदान उचललं. सोंगटी भोकात पडलेली होती! जाळीत, राणीच्या शेजारी.

एकच गलका झाला. कुलकर्णीसाहेबांनी सगळ्यांना गप्प केलं, लॅबमधून भिंग आणवलं आणि बोर्डावर ओणवे झाले. भोकाभोवती मुंग्याच मुंग्या. बराच वेळ बघून त्यांनी निकाल दिला की मुंग्यांनी सोंगटीखालची साखर खाल्ली, आधार गेला आणि सोंगटी आपल्या वजनानं पडली. साहेबांनी अजून स्ट्रायकरला हात लावला नव्हता, म्हणजे फटका सखारामचाच. 'कोरा' मंजूर. स्वतः हरूनसुद्धा साहेब खुशीत होते. असा प्रयोग कुठल्या पुस्तकात नाही म्हणाले.

कप देताना दमट हवेनं चिकटपट्टीही सुटली. खाली कोरलेली अक्षरं दिसली. देवजीबाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी काय लिहिलंय म्हणून विचारलं. नाना दुसरीकडे बघू लागले, तेव्हा साहेबांनी वाचून दाखवलं. उत्कृष्ट डांगी वळू, पहिला नंबर.

सखारामचं तोंड उतरलं. डांगी म्हणजे त्यांच्याच डोंगरातली गुरं. म्हाताऱ्यानं मात्र कप छातीशी धरला. "लई ब्येस झालं," तो म्हणाला. "बोटानं टिकल्या ढकलून कप मिळतो, हे बाजारात कुनाला सांगू, याचाच घोर लागला व्हता. वळू हाय माझ्याकडं."

निघायच्या वेळी म्हातारा दिसेना. एसटीची वेळ झालेली, सखाराम तिकडे शोधतोय. मी क्लबच्या मागे गेलो. देवजीबाबा भिंतीला लागून उकिडवे बसले होते. कप साखरेनं भरलेला, आणि चिमटी चिमटी साखर ते मुंग्यांच्या वारुळावर घालत होते.

मी म्हटलं, "बाबा, चला. पुण्य पुरे झालं."

म्हातारा वर न बघता म्हणाला, "पुन्य कसलं? साक्षीदार हायेत. त्यान्ला खूश ठेवाया नगं?"