नखावर धरलेली पिशवी

रावसाचं पोट चिरलं की ती कोयता बाजूला ठेवायची. दोन बोटं आत घालून पित्ताची हिरवट पिशवी अलगद सोडवायची आणि अंगठ्याच्या नखावर घेऊन गिऱ्हाइकासमोर धरायची. "बग बाय, आख्खी हाय. फुटली तं सगला कडू." तुम्ही मान डोलावल्याशिवाय पुढचा तुकडा पडत नसे. घाई केलीत तर म्हणायची, "न बगता नेशील, नि घरी जाऊन माज्या नावानं बोंबलशील."

अंधेरीच्या मासळी बाजारात कोपऱ्यातला ओटा तिचा. आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणायचो. मी जवळच्याच इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स, ड्युटी सुटली की थेट तिच्यापुढे हजर.

एकदा सुरमई कापता कापता ती उजव्या बरगडीखाली मूठ दाबून वाकली. घामाने डबडबली होती. "वारा भरला," म्हणाली. कसला वारा आणि कसलं काय! हाताला धरून मी तिला आमच्या सर्जनकडे नेलं. सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं.

डॉक्टर भला माणूस. नीट समजावलं त्यांनी. पोटावर चार बारीक भोकं पाडायची, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. दुसरी रीत म्हणजे बेंबीतून एकच भोक, व्रण दिसतसुद्धा नाही. "पण मावशी, तुम्ही टोपल्या उचलता. बेंबीतलं भोक जरा मोठं, तिथे पुढे हर्नियाची भीती. तुम्हाला चारच बरी."

"नि एवड्याशा भोकातून ओढताना पिशवी फुटली तं?"

"आतच प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर काढतो. फुटलीच तर पाण्याने धुतो."

"मासा पन धुतेच मी. कडूपना जातो का?"

माणसाचं पोट म्हणजे मासा नव्हे, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. "मग पोट फाडा, हातानं काडा," म्हणे. फाडलं तर दुखणं जास्त, कित्येक आठवडे टोपलीला हात लावायचा नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. तेही तिला नको झालं.

मग हिची स्वतःची चौकशी सुरू. जिचं पित्ताशय काढलंय अशी बाई दिसली की ती ओट्यामागे. "पदर सार गो, बगू दे." चार भोकंवाली, एक भोकवाली, लांबलचक टाकेवाली, सगळ्या पोटांची पाहणी झाली. बाजार हसायचा, मीही हसले. प्रत्येकीला प्रश्न एकच, "तुजी पिशवी तुला दाखवली का?" अगं, भूल दिलेल्या बाईला कशी दाखवणार? नातेवाईकांना दाखवतात, मी म्हटलं. "त्यांना काय कलतंय," ती म्हणाली.

इकडे कळा वाढत चालल्या. ती अर्धा दिवस ओट्याला टेकून बसायची. मी हात जोडले, भांडले, दोन दिवस बोलले नाही. काही उपयोग नाही. शेवटी भर बाजारात रडले. "मावशी, आतल्या आत सडेल ती. जीव जाईल गं तुझा."

तिने पदराने माझे डोळे पुसले, पदराला मासळीचा वास. "बरा. चार भोका पाडा. पन तू आत ऱ्हा. आख्खी निगाली का बग, नि मला दाखव."

ऑपरेशनची तारीख ठरली, पण त्याआधीच ताप आला. पोट लाकडासारखं कडक. कॅमेरा आत गेला आणि डॉक्टरांचा हात थांबला. पिशवी आधीच फुटली होती. मग पोट फाडावंच लागलं. एक भोक की चार, सगळा विचार फुकट गेला. पोट धुवायला मी बाटल्यांमागून बाटल्या देत होते आणि डोक्यात तेवढंच घोळत होतं, कडूपना जातो का?

त्यातून ती उठली नाही. तिच्या ओट्यावर आता दुसरी बसते, भराभर कापते, कोणाला काही दाखवत नाही. मी तिथून मासे घेत नाही. घेववत नाही.

आयसीयूत एकदाच तिने डोळे उघडले होते. तोंडात नळी, बोलता येईना. अंगठ्याचं नख तेवढं वर केलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आख्खी निघाली, मावशी," मी म्हणाले. "अजिबात फुटली नाही."

तिने तळवा उघडून पुढे केला. मी त्यात माझा हात ठेवला. तो तिने हळूच बाजूला सारला आणि पुन्हा तळवा पुढे केला.