पेटीतली नात आणि बाळंतिणीची मालिश

नातीचा श्वास थांबला. हॉस्पिटलातल्या काचेच्या पेटीत ती निळी पडली आणि यंत्र वाजायला लागलं. नर्सने आत हात घालून तिचा तळवा अंगठ्याने घासला. घासता घासता पोरीने श्वास घेतला. माझी सून भिंतीकडे तोंड करून उभी होती. मूल दिवस भरायच्या फार आधी झालेलं. आपण हात लावला तर ते मरेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. आई असून तिने एकदाही त्याला शिवलं नव्हतं.

ही इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीतली गोष्ट, नव्वद सालानंतरची. गावाकडे मी बरीच पोरं तेल लावून रगडली होती. हिलाही चोळू का, असं मी मुलाकरवी नर्सला विचारलं. ती म्हणाली, कातडी फार नाजूक आहे, चोळायचं नाही, हात नुसता ठेवायचा. एक डोक्यावर, एक पायांशी. नुसता ठेवून काय होणार, असं मला वाटलं. पण ठेवला तशी पोरीची तडफड थांबली.

सून मात्र पुढे येईना. घरी मी तिळाचं तेल कोमट केलं आणि हीटरजवळ जुनी चादर अंथरली.

ती म्हणाली, "बेबी घरी नाहीये, आई. मला कसली मालिश?"

"बाळंत तू झालीस. ती पेटी नाही झाली."

पहिल्या दिवशी ती लाकडासारखी आखडून पडली. पोटाला टाके होते, तिकडे मी गेलेच नाही. पाय, पाठ, खांदे चोळले, मग गरम पाण्याने अंघोळ. असं रोज. कार्पेटवर तेल सांडलं म्हणून मुलगा कुरकुरला. त्याला म्हटलं, कार्पेट धुता येतं. हळूहळू सुनेला झोप लागायला लागली, जेवण जायला लागलं. एकदा खांदे चोळताना ती खूप रडली. मी हात थांबवले नाहीत.

पुढे एक दिवस हॉस्पिटलात तिने आपणहून बाह्या वर केल्या, साबणाने हात धुतले आणि पेटीत घातले.

"आई, जोर जास्त नाही ना होत?"

"नाही. नुसता ठेव."

मालिशने पोर वाचली असं मी म्हणणार नाही. डॉक्टर होते, यंत्रं होती. पण सुनेच्या अंगात जीव आला तो मालिशनेच, हे मी पाहिलंय. पोर घरी आली, तिने बाळसं धरलं, तेव्हा तेल लावायला सूनच बसली. मला म्हणाली, तुम्ही फार जोरात चोळता.

दोघी जगल्या.