सासूबाईंच्या वांग्याचं बी

भिजवलेल्या कोकोपीटला एक गोडसर, दमट वास येतो. परसात नारळाची सोडणं पावसात भिजत पडली की यायचा तसाच, फक्त थोडा शहाणा झालेला. विटेसारखा दाबलेला तो कोरडा ठोकळा मी बादलीत टाकते, वरून पाणी ओतते आणि तो फुगत फुगत काठाशी येईपर्यंत चहाचा कप घेऊन शेजारी बसते. आज सकाळीही नवीन पनवेलच्या आमच्या बाल्कनीत हेच चाललं होतं. नवरात्र तोंडावर आलंय, पाऊस उघडलाय, पण हवेतली ओल अजून गेलेली नाही. वांग्याची रोपं करायला आमच्याकडे याहून चांगले दिवस नसतात. खाली रिक्षावाल्यांची भांडणं, समोरच्या इमारतीत कुणाचा तरी मिक्सर, आणि माझी बोटं त्या मऊ, तपकिरी भुशात मनगटापर्यंत बुडालेली. अशा वेळी मला कुणी हाक मारलेली आवडत नाही.

माझं माहेर घाटावरचं. तिकडे घटाभोवती काळी माती पसरून त्यात धान्य पेरतात, आणि दोन-तीन दिवसांत त्या मातीला पोपटी लव फुटते. लहानपणी मला देवीपेक्षा त्या कोंबांचंच अप्रूप जास्त होतं. सगळ्यांची पाठ वळली की मी मातीत बोट घालून एखादा दाणा उकरून पाहायची आणि आईचा धपाटा खायची. बी रुजताना पाहू नये, असं ती म्हणायची. का, ते तिला सांगता येत नसे आणि मला विचारायचा धीर नव्हता. आता काळ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये एकेका खणात एकेक बी टाकताना, त्यावर नखभर भुसा पसरताना तेच कुतूहल पुन्हा मनात जागं होतं. फरक एवढाच, की आता धपाटा घालणारं कुणी नाही.

या छंदाचं मूळ माझ्या सासऱ्यांपाशी आहे, आणि गंमत म्हणजे त्यांना हा ट्रे पहिल्या दिवसापासून नापसंत होता. ते खारजमिनीवरचे शेतकरी. तरुणपणी मिठागरातही राबलेले. खाडीच्या कडेला त्यांचं गाव, गावाभोवती चिखलाचा बांध, बांधाच्या आत भात आणि बाहेर समुद्राचं पाणी. पुढे गावाची जमीन प्रकल्पात गेली, घरं रिकामी झाली, आणि ते आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. त्याच्या आदल्या वर्षी सासूबाई गेल्या होत्या. येताना त्यांनी सामान फार आणलं नाही. एक घोंगडी, पानाचा डबा, देवातला टाक, आणि औषधाची एक जुनी रुंद तोंडाची बाटली. बाटलीत चुलीतली राख होती आणि राखेत वांग्याचं बी.

ते वांगं सासूबाईंचं. हिरवट-पांढरं, अंगावर जांभळ्या रेघा, देठाला चांगले काटे. बाजारात तसलं कधी मिळालं नाही. त्या परसात चार-सहा झाडं लावायच्या आणि सुक्या बोंबलात नाहीतर जवळ्यात ते वांगं असं काही शिजायचं, की जेवताना घरात कुणी बोलत नसे. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा मला मासळीच्या वासाचीही सवय नव्हती. त्यांनी एका शब्दानं कुरकुर न करता माझ्या ताटात बोंबील बाजूला सारून नुसती वांग्याची फोड वाढली होती. मी हळूहळू बोंबलापर्यंत पोचले ती त्या फोडीचं बोट धरूनच. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

गावातली परसं गेली, त्यांच्याबरोबर ती झाडंही गेली. उरलं ते बाटलीतलं बी. सासरे ती बाटली उशाशी ठेवत. पाऊस सरला तसे ते एके दिवशी म्हणाले, "यंदा नाय पेरला तं बी मरंल. जुना झाला. सगला टाक."

मी म्हटलं, "बाबा, निम्मं ठेवू या का पुढच्या वर्षाला?"

"पुढच्या वर्सी राख उरंल नुसती," ते म्हणाले. "सगला टाक."

तेव्हा मी ट्रे आणला, कोकोपीट आणलं, मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि सगळं बी पेरलं. ते खुर्चीत बसून पाहत होते. भुसा चिमटीत घेऊन त्यांनी हुंगला आणि "माती कुटं हाय यात?" असं विचारून नाक मुरडलं. पण पेरताना त्यांनीच बाटली धरली होती, आणि शेवटची राखही त्यांनीच बोटानं टिचकी मारून भुशावर झटकली. दुसऱ्या दिवसापासून पाणी घालायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

बी रुजलं. आधी पांढरा वाकडा गळा वर आला, मग दोन हिरवी पानं डोक्यावरची टरफलं झटकून उघडली. सासऱ्यांना केवढा आनंद झाला! मजल्यावरच्या सगळ्यांना त्यांनी बोलावून दाखवलं. लिफ्टमधून चाललेल्या एका कुरियरवाल्यालाही सोडलं नाही. मी ऑफिसातून घरी आले की आधी बाल्कनीचा वृत्तान्त, मग चहा. आणि नेमकं त्याच आनंदात असताना रोपांनी माना टाकायला सुरुवात केली. भुशालगत देठ काळा पडायचा, दोऱ्यासारखा बारीक व्हायचा आणि रोप आडवं. रोज काही जायची. ते आणखी पाणी घालायचे. बाल्कनीत एक आंबूस वासही यायला लागला होता. मला वाटलं, शेजारणीनं डोशाचं पीठ बाहेर ठेवलं असेल.

रविवारी मी ट्रे उचलला तर तो दगडासारखा जड. खालून पाण्याचा थेंब नाही. उलटून पाहिलं आणि पाहतच राहिले. प्रत्येक खणाच्या तळाला जे भोक असतं, ते कणकेच्या गोळीनं नीट, अंगठा दाबून बंद केलेलं होतं. कणीक फुगून आंबली होती. मला आधी हसूच फुटलं. आठवड्यापूर्वी पोळ्यांना कणीक कमी कशी भरली, हे कोडं सुटलं होतं.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"मंग? खाली भोका ठेवलीत, पानी कसा ऱ्हाईल?" ते अगदी साधेपणानं म्हणाले. "खेकड्यानं बांध पोखरला तं भोक बुजवाला नको?"

माझं हसू तिथंच थांबलं. हा माणूस सारा जन्म बांधाची भोकं बुजवत आला होता. उधाणाच्या भरतीला अख्खा गाव चिखलाचे गोळे घेऊन बांधावर धावायचा, कारण एका खेकड्याच्या बिळातून पाणी आत शिरलं की बांध फुटून खांड जायची आणि खारं पाणी पुढची कितीतरी वर्षं भात पिकू द्यायचं नाही. भोक दिसलं आणि ते उघडं सोडलं, असं त्यांच्या हातून होणंच शक्य नव्हतं. मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, की या रोपांना पाणी साचलेलं चालत नाही, त्यानं मुळं कुजतात. त्यांनी एकदा ट्रेकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या अंगठ्याकडे. "म्हंजे मीच मारली," ते म्हणाले, आणि उठून आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. माझ्या नवऱ्यानं दाराशी जाऊन दोनदा हाक मारली, तर आतून एवढंच आलं, "तिचा येवराच रायला होता रं."

मी काड्या घेऊन सगळी भोकं मोकळी केली. खाली इस्त्रीवाल्याच्या कोळशाची राख मागून आणली आणि भुशावर भुरभुरली. ट्रे विटांवर उचलून वाऱ्याला ठेवला. एकीकडे आडवी झालेली रोपं वेचत होते आणि मनात सासूबाईंशी बोलत होते. काय बोलत होते ते आता आठवत नाही, बहुतेक विनवण्याच असाव्यात. तेवढ्यात लक्षात आलं, की कडेच्या एका रांगेतली रोपं ताठ उभी आहेत. तिच्या तळाशी गोळ्या नव्हत्याच. कणीक पुरली नव्हती! मी कणीक नेहमी बेतानं मळते, त्यावरून घरात माझी यथेच्छ थट्टा होते. त्या दिवशी मला माझ्या कंजूषपणाचे पाय धरावेसे वाटले. मी धावत आत गेले आणि सासऱ्यांना हाताला धरून बाहेर आणलं. त्यांनी वाकून ती रांग पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

त्यानंतर ते रोज सकाळी खराट्याची काडी घेऊन ट्रेची भोकं तपासायचे. रोपं जरा सकाळच्या उन्हात, मग थोडी जास्त उन्हात, अशी सवयीची करताना स्वतःही त्यांच्याबरोबर खुर्ची सरकवत बसायचे. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत ती लावली तेव्हा डब्यांना खाली भोकं त्यांनी स्वतः पाडली, खिळा आणि हातोडी घेऊन, जरा जास्तच.

थंडी सरत आली तेव्हा पहिली वांगी धरली. तीच ती, जांभळ्या रेघांची. मी टोपली घेऊन वर गेले, तर त्यांनी माझा हात धरला. सगळ्यांत देखणं, बिनकिडीचं वांगं दाखवून म्हणाले, "यो तोरू नको. बियाला." मग खाली बघत म्हणाले, "तुजी सासू बियाच्या फलाला चिंधी बांदायची. सोताच्या लुगड्याची. मी कदी माज्या धोतराची देलो तं फेकून द्याची. म्हनायची, बी बाईच्या हातचा. तं आता तू बांद."

मी खाली आले. कपाटातली, रोजच्या नेसण्यातली सुती साडी काढली आणि तिच्या काठाची पट्टी टर्रकन फाडली. वर जाऊन त्या काटेरी देठाला बांधताना बोटाला काटा रुतला, पण मी हात काढला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, त्या घरचं मीठ खाल्लं होतं, सणवार केले होते. तरी मी त्या घरची झाले ती त्या दुपारी, गच्चीवर, असं मला वाटतं.

सासरे जाऊनही आता काही वर्षं झाली. गाव कुठे होतं ते नव्या पोरांना दाखवायला गेलं तर दाखवता येत नाही. गावची माणसं खारघरला, उलव्याला, कुठेकुठे इमारतींमधून विखुरली आहेत. दिवाळीच्या सुमारास मात्र एकेक जण येतो, रोपं नेतो, आणि प्रत्येकाला मी सांगते, पहिलं चांगलं फळ तोडू नका, चिंधी बांधून बियाला ठेवा. गेल्या वर्षी गावातली एक नवी सून ट्रे घेऊन खाली उतरता उतरता थांबली आणि तिनं विचारलं, "चिंधी माझ्या ड्रेसची चालेल ना हो?" मी म्हटलं, "चालेल. पण तुझीच हवी."