भाकरीवाल्या मावशींचं फिलाडेल्फिया

भाकरीवाल्या मावशींना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण फिलाडेल्फिया तोंडपाठ होतं. वळसंग गावच्या या मावशी सोलापुरात आमच्याकडे स्वयंपाकाला येत. त्याआधी कुणाचं तरी बाळ सांभाळायला आपण दीड वर्ष अमेरिकेत होतो, असं त्या सांगायच्या. गल्लीत कुणाला ते खरं वाटत नसे. मलाही नाही.

कंपनीने मला नेमकं त्याच शहरात पाठवायचं ठरवलं. मी घाबरले आणि नाही म्हणायच्या बेतात होते. तेव्हा मावशींनी परातीत पीठ मळता मळता मला शहर दाखवायला घेतलं.

"तितं एक मोठी घंटा हाय. चिरलेली! तरी बगायला ही रांग."

उजवं-डावं त्या कधी म्हणत नसत. "घंटा पाटीशी ठिव आन् जेवायच्या हाताला वळ. एका थडग्यावर लोकं नाणी टाकत्यात. म्होरं बुटकी इटांची घरं, दगडी गल्ली. पाय जपून टाक."

"मावशी, अमेरिकेत काचेच्या इमारती असतात हो," मी हसले.

"आसतील की. तू आदी गल्ली बग."

शेवटी मी गेले. पहिल्याच रविवारी ती घंटा पाहिली. तिला खरंच मोठी चीर होती. थडग्यावर नाणी चमकत होती. त्या दगडी गल्लीत माझा पाय मुरगळला आणि मी एका पायरीवर सुन्न होऊन बसले. सगळं खरं होतं, आणि आम्ही वर्षानुवर्षं या बाईला हसत होतो.

परत आल्यावर मी त्यांना गल्लीचा फोटो दाखवला. "मावशी, माझं चुकलं. पण इतकं बारीकसारीक लक्षात कसं राहिलं?"

त्या फोटोकडे बघत राहिल्या. "रोज त्योच रस्ता की. बाळाची गाडी ढकलत एक तास. बाकी येळ दाराला भायरनं कुलूप."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"पासपोर्ट बाळाच्या आईबापानं काढून घेतला व्हता. घरी फोन न्हाय. माजी आई गेली, त्ये मला हितं आल्यावर कळलं."

"मग सुटलात कशा?"

"ह्या गल्लीत एक म्हातारी ऱ्हायची. एक दिस तिच्या दारात बसून रडले. भाषा न्हाय, काय न्हाय. तिनं पोलीस बोलावलं."

"मावशी, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं," मावशी फोटो माझ्या हातात देत म्हणाल्या, "तर तू गेली आसतीस व्हय?"