मोहाच्या पाण्यातला चुना

आपल्या मुलाने, नईमने, दारूचा थेंबही कधी चाखला नाही, हे वरोऱ्याच्या शमीमभाईंना पटवायचं कसं, या काळजीत नाहीदबी तीन दिवस बुडाल्या होत्या.

नईम बल्लारपुरात कूलर दुरुस्त करायचा. मे महिना म्हणजे त्याच्या कमाईचा. पण हा गल्लीभर सांगत सुटला होता, "छपराच्या टिनावर चुना मारा, कूलरची गरजच नाई!" वीसपैकी अठरा घरं पटली. बाया चुना कालवू लागल्या, पुरुष बादल्या वर देऊ लागले.

पण वारा सुटला की चुना भुरभुर उडायचा. जिवतीहून मोहफुलं विकायला येणारे पोचूभाऊ म्हणाले, "मोहफुलं उकळून त्याचं पाणी चुन्यात टाक. गोंदासारखं धरते." नईमने अंगणातच पिंप चढवलं.

नेमके त्याच दुपारी शमीमभाई आले. त्यांच्या मुलीसाठी, अरीबासाठी, नईमचं स्थळ आलं होतं, आणि न कळवता गेलं की माणूस खरा दिसतो, असं त्यांचं मत. फाटकातच मोहाचा वास, दारूच्या भट्टीवर येतो तसा. चुलीवर पिंप, शेजारी ढवळत बसलेले पोचूभाऊ. वर छपरावर चुन्याने डोळे लालबुंद झालेला नईम, तापल्या टिनावर अनवाणी, एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत ओरडत होता, "सलाम चाचा! वर या!"

शमीमभाई चहाला न थांबता गेले.

तिसऱ्या दिवशी गल्ली मदतीला धावली. शेजारच्या कमलाबाई म्हणाल्या, "मी सांगतो त्याईले, पोरगं सोन्यासारखं हाय."

"मी बी येतो वरोऱ्याले," पोचूभाऊ म्हणाले. "बाटलीभर पाणी घेऊन जाऊ. चाखून पाह्यतील!"

"भाऊ, हात जोडते, तुम्ही घरीच राहा!"

नईम शिडीवरूनच बोलला, "अम्मी, राह्यलेली दोन घरं बी आता पटली. तेवढी करतो, मग जातो माफी मागाले."

"माफी? काऊन? काय चुकलं तुझं?" नाहीदबी बोलून गेल्या आणि थबकल्या. तीन दिवस त्या स्वतः मनातल्या मनात माफीच जुळवत होत्या.

दुपारचे दोन वाजले होते. वीज गेलेली, कूलर बंद, तरी आज गल्लीत कोणी रोजच्यासारखं कडुनिंबाच्या सावलीत येऊन बसलं नव्हतं. चुना मारलेल्या टिनाखाली सगळे आपापल्या घरात आडवे झाले होते.

शमीमभाईंना पुन्हा न कळवताच यायला सांगायचं, ऐन दोनला, आणि याच चुन्याच्या टिनाखाली तासभर बसवायचं, म्हणजे पिंपात काय उकळत होतं ते त्यांना आपोआप कळेल. नाहीदबींनी पदराने हात पुसले आणि वरोऱ्याला फोन लावायला त्या आत वळल्या.